शिवडीच्या धक्क्यावरची पिवळी गाडी

१

मे महिन्यातल्या त्या रविवारी सकाळपासून शिवडीच्या धक्क्यावर एक पिवळी स्पोर्ट्स कार उभी होती. इंजिन चालू, काचा वर, आणि आत एक तरुण माणूस मान सीटला टेकवून, डोळे मिटून बसलेला. धक्क्यावरच्या चहावाल्याला वाटलं, साहेब एसी लावून झोपलेत. ऊन चढलं, ओहोटी लागली, चिखलाचा वास सुटला, तरी साहेब हलेनात. तेव्हा चहावाल्यानं काचेवर टकटक केलं. मग जरा जोरात केलं. मग आजूबाजूचे लोक गोळा झाले आणि कुणीतरी दगडानं मागची काच फोडली.

ऑस्टिन डिलिमा केव्हाच गेला होता. पण चेहरा इतका टवटवीत, गालांवर अशी गुलाबी झाक, की त्याला बाहेर काढणाऱ्यांना ते पटेना.

त्या गुलाबी रंगाचं कारण डॉक्टरांनी सांगितलं. कार्बन मोनॉक्साइड. गाडीच्या धुरात असणारं, रंग नसलेलं, वास नसलेलं विष. ते रक्तात भिनत जातं आणि माणसाला वाटतं, आपल्याला झोप येतेय. पोलिसांनी अपघाती मृत्यू म्हणून नोंद केली आणि प्रकरण मिटलं.

रॉक डिलिमाच्या लेखी ते मिटलं नव्हतं. मुलाचं दफन झाल्यावर आठवड्याभरानं तो गिरगावातून काळाचौकीला आला आणि राजाराम परबांच्या दारात उभा राहिला. दोघांची दोस्ती जुनी. रॉक माझगावला जहाजांच्या इंजिनांवर फिटर होता आणि परब आरटीओत मोटार वाहन निरीक्षक. अपघात झालेल्या गाडीखाली शिरून ब्रेक फेल झाला की कुणी केला, हे सांगण्यात परबांची उभी हयात गेली होती. ऑस्टिननं पहिलं लायसन्स घेतलं तेव्हा त्याची परीक्षा त्यांनीच घेतली होती, आणि दोस्ताचा मुलगा म्हणून जरा जास्तच कडक घेतली होती.

रॉकनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"राजा, मला एवढंच सांग. बंद गॅरेजात गाडी चालू ठेवली तर माणूस मरतो, ते मला माहीत आहे. पण समुद्राच्या काठावर? वर आभाळ मोकळं, चारी बाजूंनी वारा. तिथं माझा पोर धुरानं मेला कसा?"

दफनाच्या दिवसापासून हाच प्रश्न परबांच्याही डोक्यात घोळत होता.

"वाडीतले लोक भलतंच कुजबुजतात," रॉक म्हणाला. "त्यांचं सोड. पण काल जोआन माझ्याजवळ आली. पाचवा महिना चालू आहे तिला. मला म्हणाली, पपा, त्याला मी मारलं."

२

गिरगावातल्या त्या ख्रिस्ती वाडीत रॉकचं लाकडी जिन्याचं घर होतं. व्हायोलेट, रॉकची बायको, हातात जपमाळ घेऊन खिडकीशी बसली होती. मणी पुढे सरकत नव्हते. जोआन समोर आली. डोळे कोरडे, आवाज शांत. परबांना तिचं रडणं परवडलं असतं, ही शांतता बघवेना.

"अंकल, तुम्हाला ती गाडी माहीत आहे," ती म्हणाली.

परबांना कशी माहीत नसणार? एका गिरणीमालकाच्या नातवानं जपानहून आणवलेली आणि मग कंटाळून गोदामात टाकलेली ती गाडी ऑस्टिननं मरणाच्या दारातून परत आणली होती. त्यानं आणि विकासनं. विकास कांबळी म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा मित्र आणि घोडपदेवच्या गॅरेजमधला भागीदार. त्या गाडीचं इंजिन रोटरी होतं. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतात, ह्यात तिकोनी रोटर गरगर फिरायचे. वजनाला हलकं, ताकदीला जबर, पण पेट्रोलबरोबर ऑइलही जाळणारं, आणि निम्मंअर्धं न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये ओकणारं. त्याचा धूर साध्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त गरम आणि कितीतरी जास्त विषारी. म्हणून कंपनीनं त्याला दणकट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दिला होता. गॅरेजवाले त्याला नुसतं कॅट म्हणतात. सायलेन्सरच्या आधी बसणारा पत्र्याचा डबा, आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी. धूर त्या जाळीतून गेला की त्यातलं विष बरंचसं मरतं.

आणि गाडीवेड्या पोरांप्रमाणे ह्या दोघांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर तो कॅट काढून तिथं सरळ पाइप टाकला. मग ती गाडी घोडपदेवच्या नाक्यावर आली की लालबागला कळायचं, असं लोक म्हणत.

"मला दिवस गेल्यावर तो धुराचा वास सहन होईना," जोआन सांगत होती. "गाडी वाडीत शिरली की उमळून यायचं. मी म्हटलं, एक तर विक, नाहीतर नीट कर. त्यानं दुसऱ्याच दिवशी विकासला सांगितलं, आपला जुना कॅट परत बसव. सकाळी गाडी दिली, अंधार पडायच्या सुमाराला मिळाली. घरी आला आणि मला खाली बोलावलं. म्हणाला, ऐक, काही ऐकू येतं? खरंच काही येत नव्हतं. इतका खूश होता, की हा आवाज सोडताना त्याला काय वाटलं असेल, ते मी विचारलंच नाही."

"मग भांडण कशावरून झालं?"

"त्यानंतर पंधरा दिवसांनी, शनिवारी, आम्ही दादरला गेलो. वास पहिल्याइतका नव्हता. पण परत येताना माझं डोकं फुटायला लागलं, भोवळ आली. मला वाटलं, ह्यानं काही बदललंच नाही, नुसता आवाज दाबला. रविवारी सकाळी तोच विषय निघाला. तो म्हणाला, विकास बघतो म्हणालाय. मी म्हणाले..." ती थांबली. "मी म्हणाले, तुला ती गाडीच पाहिजे ना? मग तिच्यातच राहा, तिच्यातच मर. त्यानं चावी घेतली आणि गेला."

व्हायोलेटनं मान फिरवून खिडकीबाहेर बघितलं.

परब मात्र पुढे सरकून बसले होते. "शनिवारी काचा वर होत्या?"

"हो. माझ्यासाठी एसी लावला होता. एरवी तो काचा खालीच ठेवायचा."

"त्याचंही डोकं दुखत होतं?"

जोआननं क्षणभर आठवलं. "दुखत होतं. म्हणाला, ऊन लागलं असेल."

"पोरी, तू आजच्या आज डॉक्टरकडे जा आणि बाळाची तपासणी करून घे," परब म्हणाले. "तुला शनिवारी जी भोवळ आली ना, ती त्याच विषाची होती."

रविवारी ऑस्टिननं स्वतःला काही केलं नव्हतं. ते विष आदल्या दिवशीच गाडीत शिरलेलं होतं.

प्रश्न एवढाच होता, की त्याला आत यायला वाट कुणी करून दिली?

३

घोडपदेवच्या गॅरेजचं शटर अर्धं उघडं होतं. विकास एका स्टुलावर बसून होता. समोर काम नव्हतं, हातात पाना होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. परबांना बघून तो उठला आणि वाकून पाया पडला.

"परबकाका, झोप नाय येत ओ. शटर वर केलं की वाटतं, आता मागनं येईल आणि शिव्या घालेल."

परब त्याच्याजवळ बसले. हाही त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेला. नायगावच्या बीडीडी चाळीतला, बाप गिरणीत, आई लवकर गेलेली. शाळेपासून त्याचं निम्मं जेवण व्हायोलेटच्या हातचं. ख्रिसमसला दोघांना एकाच कापडाचे शर्ट शिवायची ती.

"कॅट तूच बसवलास ना?"

"मीच. दुसऱ्या कुणाला हात नसता लावू दिला त्यानं."

"जुनाच?"

"तोच. तेव्हा काढला होता तो गोणपाटात गुंडाळून घरी माळ्यावर टाकलेला. काढला, पुसला, बसवला. त्याच्यात काय आहे, काका? चार बोल्ट. अर्ध्या तासाचं काम."

"तळाला कुठं भोक वगैरे?"

"सरळ पाइप टाकला तेव्हा सेन्सरची वायर आत घ्यायला एक पाडलेलं. पण त्याला रबर होतं. जाड." विकासनं पाना खाली ठेवला, परत उचलला. "काका, एक सांगू? आदल्या शुक्रवारी गाडी आमच्याकडे नव्हती. दादरचा तो हितेंद्र घेऊन गेला होता, दिवसभर. कधीपासनं मागे लागलेला, मला विक म्हणून. ऑस्टिन नाय म्हणायचा. मागच्या दिवाळीत आमच्यासमोर बोलला होता, तू आहेस तोवर तुझी, तू गेलास की माझी."

"असं बोलला?"

"हसत बोलला. पण बोलला."

४

हितेंद्र दादरला हिंदू कॉलनीत राहायचा. पन्नाशीचा, नीटनेटका माणूस. दिवाणखान्यात जुन्या गाड्यांची छोटी मॉडेलं काचेच्या कपाटात मांडलेली. परबांनी आडपडदा न ठेवता विचारलं आणि त्याचा चेहरा पडला.

"बोललो होतो मी तसं," तो म्हणाला. "त्या वाक्यानं मला रोज रात्री छळलंय. पण परबसाहेब, मला ती गाडी हवी होती म्हणून मी तिच्या मालकाचा जीव घेईन? आणि गाडीत विष सोडायचं तर मी स्वतः दिवसभर ती चालवली असती का?"

"तुम्हाला काही त्रास झाला नाही?"

"नाही. पण मी काचा खाली ठेवून चालवतो. तसल्या गाडीत आवाज ऐकायलाच बसायचं असतं. ह्या वेळी मात्र आवाज नव्हताच. शिवाय ती दमल्यासारखी चालत होती. लालबागच्या पुलावर चढताना तर कुणीतरी नरडं दाबून धरल्यासारखी. उतरल्यावर सिग्नलला थांबलो, तर शेजारचा स्कूटरवाला म्हणाला, अहो, गाडीखाली लाल दिसतंय. मी वाकून पाहिलं. कॅट निखाऱ्यासारखा लाल झाला होता."

परबांच्या कपाळावर आठी उमटली. "मग तुम्ही काय केलंत?"

"गाडी परत देताना ऑस्टिनला सांगितलं. तो लगेच विकासला फोन करत होता माझ्यासमोर. मला वाटलं, काम झालं." हितेंद्र कपाटातल्या मॉडेलांकडे वळला. "मी ती चावी त्याच्या हातात द्यायलाच नको होती."

परब जिना उतरले. विकासनं त्यांना शुक्रवारबद्दल सगळं सांगितलं होतं. शुक्रवारच्या त्या फोनबद्दल मात्र एक अक्षर काढलं नव्हतं.

५

पिवळी गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात, जप्त केलेल्या रिक्षांच्या मागे धूळ खात उभी होती. ठाण्यातल्या शिवा नावाच्या जुन्या ओळखीच्या हवालदारानं साहेबांची परवानगी काढून दिली. "काका, ह्या वयात खाली शिरणार?" त्यानं विचारलं. परबांनी शर्ट काढून त्याच्या हातात दिला आणि जमिनीवर पुठ्ठा अंथरला.

शिरण्याआधी त्यांनी दार उघडून आत नजर टाकली. मागच्या सीटखाली प्लॅस्टिकची एक पिशवी पडली होती. आत कैऱ्या होत्या, सुरकुतलेल्या, काही सडलेल्या, आणि वर मिठाची पुडी. परबांनी पिशवी तोंड बांधून बाजूला ठेवली. पाचव्या महिन्यातल्या बायकोला रागावून निघालेला नवरा वाटेत तिच्यासाठी कैऱ्या घेतो, त्याला मरायचं नसतं. त्याला घरी जायचं असतं. फक्त तिचा राग जरा निवेपर्यंत कुठंतरी वेळ काढायचा असतो. उन्हाचा आणि चिखलाच्या वासाचा त्रास नको म्हणून तो काचा वर करतो आणि एसी लावतो.

मग ते गाडीखाली गेले. विजेरीच्या उजेडात सगळं एखाद्या धड्यासारखं दिसलं. कॅटचा पत्रा जांभळानिळा पडला होता, इतका तो तापला होता. शिवाच्या मदतीनं त्यांनी मागचा पाइप सोडवून आत उजेड टाकला. जाळी नव्हतीच. मेण वितळून थिजावं तसा एक गोळा होता. त्यातून धुराला जायला जेमतेम फट उरली होती. पुढे जाता येईना म्हणून धुरानं मागे रेटा दिला होता आणि कॅटच्या आधीच्या जोडातली धूर अडवणारी चकती, म्हणजे गॅस्केट, फोडली होती. त्या फुटक्या जोडापासून काजळीचा काळा पट्टा गाडीच्या तळावरून वर गेला होता, थेट त्या वायरच्या भोकापर्यंत. भोकातलं रबर उष्णतेनं वितळून ओघळलं होतं.

रॉकच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं. आभाळ मोकळं होतं, पण गाडी आतून बंद होती. कॅटपर्यंत न पोचलेला, जसाच्या तसा जहरी धूर तळातून आत येत होता, आणि उभ्या गाडीखाली तो उडवून न्यायला वारा नव्हता. जे विष मारायला कॅट बसवला, त्याच कॅटनं ते आत ढकललं.

परब बाहेर यायला निघाले आणि परत थबकले. त्यांनी कॅटच्या दोन्ही टोकांवरून बोट फिरवलं. दोन्हीकडे वेल्डिंगचं गोल कडं होतं. ताजं होतं.

बाहेर येऊन ते पुठ्ठ्यावर बसले. शिवानं विचारलं, "काय सापडलं?"

"जे सापडू नये असं वाटत होतं, ते."

तिथून ते विकासच्या घरचा तो माळा बघायला नायगावला गेले. विकासची चाळ जिथं होती तिथं पत्र्याचं कुंपण होतं, आत क्रेन उभी होती. बसस्टॉपवर बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं. तो म्हणाला, ती इमारत तर केव्हाची पाडली. लोक संक्रमण शिबिरात जाऊन वर्ष उलटून गेलं.

६

विकास गॅरेजमध्येच होता. परबांनी आत शिरून शटर पाठीमागे अर्धं ओढलं. मुंबईत जन्म काढूनही मन हललं की त्यांच्या तोंडात घरची मालवणी यायची.

"विकास, माका खरां सांग."

"काय काका?"

"तू म्हणालास, चार बोल्ट, अर्ध्या तासाचं काम. मग सकाळी दिलेली गाडी त्याला अंधार पडताना का मिळाली?"

विकास हातातला पाना पुसायला लागला.

"मूळचा कॅट मूळच्या जागी बोल्टांनी बसतो. त्याला वेल्डिंग लागत नाही. ह्या कॅटची दोन्ही टोकं कापून बोल्टांचे नवीन फ्लँज जोडलेत. म्हणजे तो ह्या गाडीचा नाहीच. आणि तू तो घरच्या माळ्यावरनं काढलास म्हणतोस. तुझं घरच राहिलं नाही, विकास. माळा कुठला?"

विकासच्या हातातून पाना खाली पडला. तो उचलायला तो वाकला आणि तसाच खाली बसला.

"चाळ रिकामी करताना गेला, काका," तो म्हणाला. "मी गॅरेजात होतो. भावानं माळ्यावरचं सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं. गोणपाटात काय आहे त्याला काय माहीत? ऑस्टिननं सांभाळायला दिलेली एकच वस्तू, ती मी घालवली. म्हटलं, सांगीन कधीतरी. त्याला कुठं लागणार होता? मग तो एक दिवस आला आणि म्हणाला, विक्या, मी बाप होणार, आपला कॅट काढ. इतका आनंदात होता. मला जीभच उचलेना."

"मग?"

"भंगार बाजारातनं एका साध्या गाडीचा आणला. कापला, जोडला. मला ठाऊक होतं, हे इंजिन त्याला जाळणार. पण वाटलं, काही महिने तरी टिकेल. तोवर असली शोधून गुपचूप बदलू."

"शुक्रवारी त्याचा फोन आला होता."

"आला होता. लाल दिसतोय म्हणाला. मी म्हटलं, रोटरी आहे, तापणारच."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी पण आला. जोआनला भोवळ आली म्हणाला. त्यानं सरळ विचारलं, विक्या, हा आपलाच आहे ना? मी म्हटलं, आपलाच आहे रे. सोमवारी घेऊन ये, बघतो. मला रविवार पाहिजे होता, काका. एका माणसाकडे तसला कॅट आहे असं कळलं होतं. रविवारी सकाळपासनं मी कुर्ल्याला भंगारात तोच शोधत होतो. मिळाला. हातात घेऊन उभा होतो, तेव्हा रॉक अंकलचा फोन आला."

त्यानं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी तिथं भिंतीला टेकून होतं. परबांनी ते उघडून बघितलं नाही.

बाहेरून बस गेली, शटर थरथरलं. परबांच्या मनात आलं, हे इथंच ठेवावं. पोलिसांनी अपघात लिहिलंय. रॉकचा एक मुलगा गेला; दुसरा, पोटचा नसलेला, अजून उरलाय. तोही काढून घ्यायचा? पण त्यांना जोआनचे कोरडे डोळे आठवले. कुणीतरी खरं बोललं नाही, तर ती पोर स्वतःच्या एका वाक्याचं ओझं घेऊन जन्म काढणार होती.

"मी सांगणार नाही," ते म्हणाले. "तू सांगायचंस."

७

विकासनं उभ्यानंच सगळं सांगितलं. खुर्ची दिली तरी बसला नाही. काही वगळलं नाही, शुक्रवार नाही, शनिवार नाही. व्हायोलेटच्या मांडीवरची जपमाळ घरंगळून खाली पडली आणि कुणी उचलली नाही.

त्याचं झाल्यावर परब बोलले. कुणाला काही सोपं करून सांगण्यासारखं नव्हतंच. त्यांनी फक्त जोआनला पिशवीबद्दल सांगितलं. गाडीत कैऱ्या होत्या, मीठ होतं. तो जीव द्यायला गेला नव्हता. तो परत यायला निघणार होता.

"कैऱ्या?" जोआननं विचारलं.

"होय."

"मी शनिवारी मागितल्या होत्या. दादरला चांगल्या मिळाल्या नाहीत."

ती उठली आणि विकाससमोर जाऊन उभी राहिली. परबांना वाटलं, आता ती हात उचलेल. तिनं तो उचलला असता तर विकासलाही बरं वाटलं असतं.

"तू त्याला का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं. रागाचा लवलेश नव्हता त्यात. खरंच न कळल्यासारखं विचारलं.

"तो रागावेल म्हणून."

जोआननं मान हलवली.

"तो रागावला नसता रे, विकास," ती म्हणाली. "हसला असता. वर्षभर सगळ्यांना सांगत सुटला असता, ह्यानं माझा कॅट भंगारात घातला म्हणून. दुसरा शोधायला तुझ्याबरोबर आला असता."

आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती रडली. रडू असं फुटलं की तिला उभं राहता येईना. व्हायोलेटनं येऊन तिला धरलं, आतल्या खोलीत नेलं, आणि जाताना विकासकडे बघितलं नाही. एरवी तो दारात दिसला की ती आधी त्याचं ताट वाढायला घ्यायची.

विकास भिंतीला धरून उभा होता. "अंकल, मी चौकीवर जातो," तो म्हणाला. "सगळं लिहून देतो."

रॉक उठला, दाराशी जाऊन पायांत चपला सरकवल्या.

"तू थांब, रॉक. मी जातो त्याच्याबरोबर," परब म्हणाले.

"नको, राजा. ह्याला शाळेत घालताना ह्याचा बाप पाळीवर होता, तेव्हा मीच गेलो होतो." रॉकचा आवाज सपाट होता. "एकटा नाही जाणार तो."

दोघं जिना उतरले. परब वर कठड्याशी उभे राहिले. वाडीत संध्याकाळचं ऊन उतरलं होतं, कुणाच्या तरी दारात मुलं कॅरम खेळत होती. विकास मान खाली घालून पुढे चालला होता आणि रॉक त्याच्या अर्धं पाऊल मागे. वळणाजवळ विकासला ठेच लागली, तो अडखळला. रॉकचा हात सवयीनं त्याच्या खांद्याकडे गेला.

खांद्यापर्यंत पोचायच्या आधी तो थांबला, तसाच थोडा वेळ हवेत राहिला, आणि मग रॉकनं तो मागे घेतला.